रुजुवात घेतली

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. भाटघर. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी नियमाने लिहिणार. ही कोणी वाचण्यासाठी नाही. म्हणून हिच्यात खरे तेच लिहिले जाईल.

निश्चय: पहाटे उठणे. रागावणे बंद. पत्नी अंबूबाई हिच्याशी वाद घालणे बंद, कारण त्यात विजय माझाच ठरलेला असतो आणि वेळ मात्र जातो.

नात वैष्णवी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे प्रोग्रॅम लिहिते. नेमणूक कच्ची, तीन महिन्यांची. मंगळवारी अकरा वाजता तिचे शार्दूल सर व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेणार. जमले तर नेमणूक पक्की, आणि काम इथूनच. न जमले तर कंपनीचे लॅपटॉप परत करायचे. तीन महिने मुलीच्या तोंडी दुसरा विषय नाही.

विषय क्रिप्टो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पैसा. मला प्रथम पसंत नव्हता. परंतु वैष्णवीने सांगितले की त्या पैशाचे एक मोठे दप्तर असते आणि त्यातल्या प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो. त्यास हॅश म्हणतात. “आबा, अंगठ्याचा ठसा कसा, तसा अख्ख्या पानाचा एकच ठसा. पानावरचं एक अक्षर जरी हललं ना, सगळा ठसा बदलतो. आणि कुठलं हललं ते काही तो सांगत न्हाई,” असे म्हणाली. म्हणजे खाडाखोड अशक्य. असे दप्तर मला आवडले. मी रोखपालास देतो तसा मान त्या दप्तरास दिला.

तिचे एक लॅपटॉप असे आहे की त्यास इंटरनेटचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. सोवळ्यातले. त्यात जे घालायचे ते कागदावरून, हाताने टाइप करून. परीक्षा अशी की तिच्या प्रोग्रॅमने एका पानाचा ठसा बरोबर काढायचा. ते पान, म्हणजे नमुना, सरांनी फोनवर पाठवला आहे. तो तिने कागदावर उतरवला. हस्ताक्षर पाहिले. कोंबड्यांनी उकरलेले अंगण बरे.

मी म्हणालो, नक्कल मी करून देतो.

दुपारी २.

कचेरीत मी शिपाई होतो, हे खरे. शिक्षण चौथी, हेही खरे. परंतु दप्तरखान्यात नक्कल तपासायची झाली की साहेब मलाच बसवीत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेतील अक्षरावर पेन्सिलीने टिंब द्यायचे, आणि अखेरीस खाली ‘रुजुवात घेतली’ असे लिहून सही करायची. एकतीस वर्षांत माझ्या सहीखालची एकही नक्कल परत आली नाही. मक्षिकास्थाने मक्षिका हा आमचा नियम. मूळ कागदावर माशी चिकटलेली असेल तर नकलेवर माशी हवी. आपण अर्थात शिरायचे नाही.

रविवार, २ नोव्हेंबर.

यातले आकडे इंग्रजी. त्यांत फक्त सहा इंग्रजी अक्षरे येतात. वैष्णवीने चहा होईपर्यंत शिकवली. अंबूबाईस सांगितले की मला आता इंग्रजी येते. ती म्हणाली, “मंग त्या औषिदाच्या बाटलीवर काय लिवलंय ते वाचा.” त्यात इतर अक्षरे होती.

नक्कल केली. दोन कागद. पहिल्यावर मागच्या पानाचा ठसा, माणसाने वाचायचा तसा, चौसष्ट अक्षरे. दुसऱ्यावर यंत्रात टाइप करायचे अख्खे पान. वैष्णवी फोनवरून वाचत गेली, मी टिंबे देत गेलो. एकही चूक नाही. दोन्ही कागदांवर लिहिले: रुजुवात घेतली. सही, कोंडिबा.

मग ती म्हणाली, “आबा, दुसऱ्या कागदावर जोड्यांच्या क्रमाची एक गंमत हाय, सांगायची राह्यली.” मी हात करून थांबवले. नक्कल करणाऱ्याने अर्थात शिरू नये, असे तिला समजावले. ती हसली. “तुमी म्हंजे ना, आबा,” एवढेच म्हणाली. तिने दोन्ही कागद माझ्या ताब्यात ठेवले. हा विश्वास.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.

फार मोठी गोष्ट घडली आहे.

सहज दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत होतो. पहिल्या कागदावर मागच्या पानाचा ठसा कित्येक शून्यांनी सुरू होतो. दुसऱ्या कागदात तोच ठसा दुसऱ्या ओळीत असायला हवा. तिथे शून्ये शेवटी आहेत! नीट पाहिले. शेवट तो आरंभ आणि आरंभ तो शेवट. अख्खी ओळ उलटी. पुढची शून्ये बिनमोलाची आणि मागची किंमत वाढवणारी, हे पहिलीतले पोरही जाणते. एवढे कॉलेज शिकून मुलीने आकडा उलटा उतरवला, आणि मी तिच्या तोंडून ऐकून तसाच टिंबे देत गेलो.

ती शिवरे येथे मैत्रिणीकडे गेली आहे. परीक्षा उद्या. सांगून तिला लाजवावे कशाला?

सकाळी १०.

दुसरा कागद नव्याने लिहिला. ती ओळ पहिल्या कागदाप्रमाणे सरळ केली. अक्षर पहिल्यापेक्षाही सुबक उतरले. खाली लिहिले: रुजुवात घेतली. सही.

चुकीची नक्कल दप्तरात ठेवू नये, हाही नियमच. ती चुलीत घातली. अंबूबाईने दारातून पाहिले. मी म्हणालो, चूल पेटवतो आहे. ती तशीच मागे फिरली. चाळीस वर्षांत मी चूल पेटवलेली नाही, तेव्हा तिला बरे वाटले असावे.

उद्या मुलगी उत्तीर्ण होईल, आणि कोणामुळे ते तिला कधी कळणारही नाही. वडीलधाऱ्याने असेच वागावे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी १.

ठसा जुळला नाही.

मी सदरा घालून मागे बसलो होतो. शार्दूल सर सभ्य गृहस्थ आहेत, वय तिशीच्या आत. वैष्णवीने कागदावरून टाइप केले. यंत्राने ठसा काढला. सरांकडचा ठसा आणि हा, यांत पहिल्या अक्षरापासून मेळ नाही. तिने पुन्हा टाइप केले. पुन्हा तोच, चुकीचा. सर म्हणाले, “नमुना सोपाच होता, वैष्णवी. प्रोग्रॅम तपासून पाहा.” पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेस, आणखी एक संधी. ती अखेरची.

याचा अर्थ प्रोग्रॅममध्ये दोष आहे. कागद निर्दोष आहे. तो मी स्वतः तपासला.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

वैष्णवी सकाळपासून प्रोग्रॅम उसवते आहे. जेवली नाही. अंबूबाई म्हणाली, “कागुदच चुकला आसंल, बाई.” त्यावर वैष्णवी म्हणाली, “आजी, कागदावर संशयच न्हाई. आबांनी रुजुवात घेतलीय.”

मी पाणी प्यायलो.

चार वाजता सहज विचारल्यासारखे करून तिला विचारले की ती क्रमाची गंमत काय होती. तिने सांगितले. ते इथे नोंदवतो, कारण नोंदवणे भाग आहे. “आबा, पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागनं. पण लिहिताना दोन आधी, पाच मागनं. आकडा तोच, बोलायचा क्रम येगळा, लिहायचा येगळा. तसंच हे. माणसाला दाखवायचा ठसा एका क्रमानं, आणि यंत्रात त्याच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या, जोडी न मोडता, शेवटाकडनं मांडायच्या. तिथं सरळ घातलं की सगळं बोंबललं.”

म्हणजे ती ओळ उलटी होती तीच बरोबर होती.

म्हणजे मूळ कागदावर माशी होती, आणि ती मी उडवली.

संध्याकाळच्या चहानंतर तिला सांगणार. हा निश्चय.

सायंकाळी ६.

चहा झाला. चहात साखर कमी होती, त्यावर बोलणे निघाले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

सांगायला निघालो होतो. तेवढ्यात गेनबा आला. गेनबा म्हणजे शेजारी. भात झोडणीस मळणीयंत्र सांगायचे होते. त्याच्यासमोर घरातले बोलू नये. तो दोन तास बसला. मीच त्याला बस म्हणालो, हे त्यातले खरे. जाताना म्हणाला, “कोंडिबा, नात लई बारीक झाली रं. परीक्षा नापास झाली म्हनत्यात, व्हय?” मी म्हणालो, नापास नव्हे, मुदतवाढ.

दुपारी वैष्णवी अंगणात आली. पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “मला हे येतच न्हाई बहुतेक.” मी तिथेच, चार हातांवर होतो. तिचा प्रोग्रॅम बरोबर आहे, हे पृथ्वीवर एकाच माणसाला ठाऊक होते आणि तो माणूस शेंगा सोलत होता.

मी म्हणालो, येईल, येईल. धीर धर.

असे म्हणण्यास जीभ कशी वळली ते समजत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी १०.

मार्ग सापडला. सांगण्याचे कारणच नाही. कागद होता तसा करून ठेवावा. ती आज-उद्या पुन्हा टाइप करून पाहील, ठसा जुळेल, सर्व आनंदी होतील. सत्य हे अखेरीस कागदाचेच असते.

वैष्णवी अंघोळीस गेल्यावर नवा कागद लिहिला. पहिल्या कागदावरचा ठसा घेतला आणि शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर मागे येत चौसष्टही उलटी मांडली. दोनदा मोजली. फार एकाग्रतेचे काम. खाली लिहिले: रुजुवात घेतली. सही करताना हात किंचित थांबला. रुजुवात घेतली तर कोणी वाचले, आणि टिंबे कोणी दिली? परंतु वेळ नव्हता. न्हाणीतला तांब्या वाजायचा थांबला होता.

आधीचा कागद या वेळी चुलीत घातला नाही. दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

बरे वाटते आहे. दोन भाकरी खाल्ल्या. अंबूबाई म्हणाली, “पोरीनं चार दिस घास न्हाई गिळला, आन् तुमास्नी भूक लागती.”

शनिवार, ८ नोव्हेंबर.

लिहिणे जड जाते आहे.

सकाळी तिने टाइप केले. ठसा जुळला नाही. परंतु मंगळवारचा चुकीचा ठसाही आला नाही. तिसराच आला. वैष्णवी पांढरी पडली. तोच प्रोग्रॅम (तो तिने काल पुन्हा पहिल्यासारखा करून ठेवला होता), तोच कागद, आणि ठसा निराळा. मला वाटले, यंत्र बिघडले असे ती म्हणेल. मी तसे सुचवलेही. म्हणालो, दमट हवेने होत असेल. धरण जवळ आहे.

ती म्हणाली, “आबा, ठसा खोटं बोलत न्हाई. आत तेच घातलं तर तोच निघणार, शंभर वर्षांनी घातलं तरी. ठसा बदलला म्हंजे कागद बदलला.”

मंगळवारचे टाइप केलेले यंत्रात होतेच. तिने शेजारी लावून पाहिले. एकच ओळ निराळी. मग सरांचा फोनवरचा नमुना काढला. मंगळवारी ओळ सरळ होती. आज उलटी होती, पण जोडीजोडीने नव्हे. जोडीच्या आतली अक्षरेही मी उलटवली होती. पंचवीसचे बावन्न. जोडी मोडायची नसते. ते तिने बुधवारी सांगितले होते. मी ऐकले होते. ‘उलट’ हा शब्द तेवढा घेतला आणि उठलो.

तिने सर्वांसमोर विचारले, “कागदाला कुणी हात लावला?”

सर्व म्हणजे मी आणि अंबूबाई.

मी म्हणालो, कोण लावील? खिडकी उघडी असते. उंदीर असतात.

वैष्णवी म्हणाली, “उंदीर सही करतो का, आबा?” आणि आत गेली. रागाने बोलली नाही. ती रागाने बोलली असती तर मला रागावता आले असते.

दुपारी ३.

अंबूबाई गोठ्यामागे गाठून म्हणाली, “सोमवारी चूल पेटवलीत तवाच म्या वळाकलं. तुमी चूल पेटवताय म्हंजे कायतरी झाकताय. म्हनलं सांगतील आज, सांगतील उद्या. आवो, ती पोरगी सोताला येडी समजाया लागली व्हती! तुमची सही मोठी का तिचं डोस्कं?”

मी म्हणालो, माझा हेतू चांगला होता.

ती म्हणाली, “हेतूची भाकर करून खा.”

रविवार, ९ नोव्हेंबर.

लेखी खुलासा देणे, हीच सभ्य पद्धत. सकाळभर बसून लिहिला. तीन पाने, समास सोडून. अनुक्रमे घटना, तारखा, परिस्थिती. भाषा चोख. कचेरीतल्या कोणत्याही साहेबाने मान डोलावली असती. वैष्णवीच्या हाती दिला आणि उभा राहिलो.

तिने तिन्ही पाने वाचली. मग पहिल्या पानावर परत आली. म्हणाली, “‘सदर कागदात बदल झाल्याचे आढळून आले.’ कुणाला आढळलं, आबा? ‘मूळ प्रत उपलब्ध राहिली नाही.’ ती काय आपल्या पायानं गेली?” पुढे म्हणाली, “यात तुमी कुठं हायत, ते दाखवा मला.”

मी पाने घेऊन पाहू लागलो. माझे नाव शेवटी सहीपुरते होते. बाकी तीन पानांत सर्व काही आपोआप घडले होते.

ती म्हणाली, “ओळ बदललीत त्याचं मला काही न्हाई वो. मदत कराया गेलात, चुकलं. पण मी चार दिवस तुमच्यासमोर बसून माझाच प्रोग्रॅम फोडत होते.”

मी तिन्ही पाने घडी केली.

रात्रीचे जेवण नको म्हणालो. कोणी आग्रह केला नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ८.

नवा कागद घेतला. लिहिले:

‘ओळ मी बदलली. कागद मी जाळला. न तपासता दोन वेळा रुजुवात घेतली असे लिहिले. तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे हे मला बुधवारपासून माहीत होते. मी गप्प बसलो.’

पाच ओळी भरल्या नाहीत, आणि लिहिण्यास दीड तास लागला. एकतीस वर्षांत खोटी सही केली नाही असे मी ज्याला त्याला सांगत आलो. तपासणारे कोणी नव्हते त्या दिवशी केली, तीही नातीच्या कागदावर.

वैष्णवीने वाचले. “बरं,” म्हणाली. कागद घडी करून आपल्या वहीत ठेवला. मला वाटले, आता ती हसेल. तिने पंख्याचे बटण दाबले.

सकाळी ११.

तिने नमुना स्वतः उतरवला, त्या कोंबड्यांच्या अक्षरात. आता ताळा घेण्यास दुसरे माणूस हवे. मी चष्मा पुसला. पेन्सिलीस टोक केले. पडवीत अशा ठिकाणी बसलो की हाक मारणे सोयीचे व्हावे.

तिने हाक मारली, “आजी, जरा येतीस का वाचायला?”

अंबूबाईचे शिक्षण दुसरी. आकडे ओळखते, ती सहा अक्षरे तिला येत नाहीत. तिने त्यांना आपली नावे ठेवली. एक पोटाची, एक पाठीला पोक आलेली, एक आकड्याची, एक विळ्यासारखी. आतून आवाज येत होता: “दोन, पोटाची. शून्य, शून्य. सात, इळा. थांब बये, घाई करू नगं, बोट सरकलं.” वैष्णवी हसत होती. आठ दिवसांनी हसली.

अंबूबाई अर्थात शिरत नव्हती. एकदाही नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी १२.

परीक्षेच्या वेळी पडवीत बसू नका, असे मला कोणी म्हणाले नाही. मीच शेळी घेऊन खिडकीखाली गेलो. तिथे पाला चांगला आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ठसा जुळला. अंबूबाईने आत टाळी वाजवली ती धरणाच्या भिंतीपर्यंत गेली असेल. सरांनी अभिनंदन केले. नेमणूक पक्की. काम इथूनच. सर्व स्पष्ट ऐकू आले.

मग सरांनी विचारले की गेल्या मंगळवारी नेमके काय चुकले होते. वरिष्ठांना कारण लिहून द्यावे लागेल.

वैष्णवी म्हणाली, “कागद उतरवताना माझ्याकडून चूक झाली, सर. रुजुवात नीट घेतली नव्हती. परत न्हाई होणार.”

सर म्हणाले की तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. ती ‘हो, सर’ म्हणाली. हे दोनदा झाले.

दार उघडे होते. खिडकीपासून दार सात पावले. आत जाऊन, चूक हिची नव्हे, माझी, एवढे सांगणे मला शक्य होते. सकाळी मी तसे पाठही केले होते.

शेळी ओढत होती, म्हणून जाता आले नाही.

शेळी बांधलेली होती.